क्रेडिट कार्डावरील वटणावळ

क्रेडिट कार्डावर माल वा सेवा विकणाऱ्या व्यापाऱ्यास, ग्राहकाने चुकत्या केलेल्या रकमेतून जी टक्केवारी बँकेस सोडावी लागते ती वटणावळ होय. बँकांच्या करारपत्रांत व बाजारातील बोलण्यात तिला ‘एमडीआर’ म्हणतात. न्यूयॉर्क येथे १९५० साली निघालेला डायनर्स क्लब उपाहारगृहांकडून बिलाच्या ७ टक्के घेत असे. भारतात हा दर हल्ली बहुधा दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असतो, आणि व्यापाराचा प्रकार, कार्डाची प्रत व व्यापाऱ्याची उलाढाल यांनुसार तो कमीअधिक होतो.

सराफी पेढीवर ५०,००० रुपयांचा दागिना कार्डावर विकला गेला आणि करारातील दर २ टक्के असला, तर १,००० रुपये वटणावळ व तीवर १८ टक्के दराने १८० रुपये वस्तू व सेवा कर वजा जाऊन पेढीच्या खात्यात ४८,८२० रुपये जमा होतात. या हजारातील सिंहाचा वाटा ‘इंटरचेंज’ या नावाने ग्राहकास कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो; ग्राहकास दिलेली बिनव्याजी मुदत, बुडीत कर्जाची जोखीम आणि बक्षिसादाखल वाटलेले ‘पॉइंट’ यांचा खर्च ती त्यातून भागविते. उरलेल्यात व्हिसा, मास्टरकार्ड वा रूपे यांसारखी कार्डसंस्था आणि व्यापाऱ्यास यंत्र पुरविणारी बँक हे वाटेकरी असतात. इंटरचेंजचा दर कार्डसंस्था ठरवीत असल्यामुळे व्यापाऱ्याने कितीही घासाघीस केली तरी ती या अखेरच्या, लहानशा हिश्श्यापुरतीच राहते. कराची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्यास मिळते, आपसमेळ योजनेतील लहान दुकानदारास मिळत नाही. मात्र २,००० रुपयांपर्यंतच्या एका व्यवहारावरील बँकेच्या या सेवेस करमाफी आहे.

वटणावळ नफ्यावर नव्हे तर विक्रीवर आकारली जाते, आणि तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच आहे. शेकडा ८ रुपये सुटणाऱ्या किराणा दुकानदाराने २ टक्के दिले की त्याच्या ढोबळ नफ्याचा चौथा हिस्सा गेला. शेकडा ४० सुटणाऱ्या कापडाच्या दुकानास तीच रक्कम जाणवतही नाही. पेट्रोल पंपांची मिळकत तर लीटरमागे ठरलेली असते. म्हणूनच नोटाबंदीची धामधूम सरत असता, जानेवारी २०१७ मध्ये, काही बँकांनी पंपचालकांवर १ टक्का आकार बसविण्याचे कळविताच चालकांनी कार्डे नाकारण्याची घोषणा केली. सरकारने मध्यस्थी केली आणि तो भार चालकांवर न टाकण्याचे ठरले.

वटणावळीखेरीज यंत्राचे मासिक भाडे व ऑनलाइन विक्रीत ‘गेटवे’चा आकार असतोच, परंतु खरी डोकेदुखी ‘चार्जबॅक’ची. व्यवहार आपला नव्हे, किंवा माल पोहोचला नाही, असा दावा ग्राहकाने बँकेकडे केला आणि व्यापाऱ्याने मुदतीत सहीची पावती वा पोहोच सादर केली नाही, तर जमा झालेली रक्कम परत जाते, दिलेला माल हातचा गेलेला असतो, आणि वर या वादाचे शुल्कही सोसावे लागते.

‘कार्डावर दोन टक्के जास्त पडतील’ हे वाक्य सराफ्यात वा विजेच्या उपकरणांच्या दुकानांत नवे नाही. डेबिट कार्डावर असा अधिभार घेण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. जो व्यापारी तो उघडपणे घेत नाही तो बहुधा तो किमतीतच मिळवितो, आणि मग रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पॉइंटांची किंमत नकळत भरते. प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय हाच.

युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरील इंटरचेंज ०.३ टक्क्यावर बांधून टाकले. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डावरील वटणावळीस, २० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांकरिता ०.४० व इतरांकरिता ०.९० टक्के अशी कमाल मर्यादा घातली, आणि १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील आकार रद्द झाला. क्रेडिट कार्डास मात्र अशी सरसकट मर्यादा लागू करण्यात आली नाही. २०२२ मध्ये रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय झाली, तेव्हा लहान व्यापाऱ्यांस त्यावरील २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर वटणावळ माफ करण्यात आली. यंत्रावर घासलेल्या व्हिसा वा मास्टरकार्डच्या क्रेडिट कार्डास ही माफी लागू नाही.