समकक्ष कोण? उत्तर कोकणातील एक बखर आणि संशोधन-परीक्षणाची नीती

१

संशोधनपर लेखन प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच विषयातील जाणकारांनी ते तपासावे, या संकेताला आज आपण ‘समकक्ष-परीक्षण’ म्हणतो. विद्यापीठीय व्यवहारात हा संकेत इतका रुळला आहे की ज्ञानव्यवहाराबरोबरच तो जन्माला आला असावा, असे वाटू लागते. इतिहास तसे सांगत नाही. रॉयल सोसायटीशी निगडित असलेले नियतकालिक हेन्री ओल्डेनबर्गने १६६५ मध्ये सुरू केले, तेव्हा काय छापावे हे तो स्वतःच ठरवीत असे. निबंधांची निवड समितीकडे गेली ती १७५२ मध्ये, आणि तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागवण्याची प्रथा १८३२ पासूनची. ‘नेचर’सारख्या ख्यातकीर्त साप्ताहिकाने तर बाह्य परीक्षण नियमित केले ते १९७३ मध्ये. म्हणजे ज्याला आपण शाश्वत मानदंड समजतो, ती प्रत्यक्षात हळूहळू घडत गेलेली एक संस्था आहे. आणि प्रत्येक संस्थेप्रमाणे तिलाही आपला सत्ताव्यूह आहे.

मराठीत हा प्रश्न बहुधा नियमांच्या अंगाने चर्चिला जातो : वाङ्मयचौर्याची टक्केवारी किती असावी, परीक्षकाचे नाव गुप्त ठेवावे काय, पत्रिकेला क्रमांक आहे किंवा नाही. या तपशिलांखाली दडलेला मूळ प्रश्न वेगळाच आहे. ‘समकक्ष’ कोणाला म्हणावे, आणि ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याला त्या परीक्षणात स्थान आहे काय? पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्याच्या संदर्भात हा प्रश्न विचारणे सयुक्तिक ठरेल. या भूभागाचा मध्ययुगीन इतिहास ज्या संहितेशिवाय लिहिता येत नाही, ती एका विवाद्य संशोधकाने छापलेली बखर आहे. आणि या भूभागाचा वर्तमान ज्या अहवालांतून नोंदला जातो, त्यांची विश्वासार्हताही अशाच कसोटीवर उभी आहे.

२

बखरीकडे वळण्यापूर्वी तिच्या आधीची दोन प्रकरणे ध्यानात घ्यावयास हवीत.

पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी ग्रंथांना पारितोषिके देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. हस्तलिखित समितीकडे पाठवावे, सभासदांनी ते वाचून मान्य वा अमान्य करावे, अशी तिची रीत होती. मराठीतील संस्थात्मक ग्रंथ-परीक्षणाचा हा आरंभकाळ म्हणता येईल. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या समितीपुढे ठेवले आणि ते नापसंत झाले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. नाटकाचा विषय पाहिला म्हणजे या निर्णयातील अडचण स्पष्ट होते. अज्ञ शेतकरी कुटुंबाला नाडणारा भटजोशी हे त्यातील एक प्रमुख पात्र आहे. ज्या वर्गाच्या आचरणावर संहिता बोट ठेवते, त्याच वर्गातील माणसे तिचे परीक्षक होती. हितसंबंधांचा हा संघर्ष उघड करण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते आणि लेखकाला उत्तर देण्याचे स्थान कोठेही नव्हते. नाटक छापले गेले ते १९७९ मध्ये. एका बंद दारामागील नकाराने मराठी नाट्येतिहासाची एक कडी सव्वाशे वर्षे दृष्टीआड ठेवली.

दुसरे प्रकरण याच्या नेमके उलट दिशेचे. १९१० मध्ये विश्वनाथ काशीनाथ राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. निबंध सभेपुढे वाचावा, कागद दाखवावा, जाणत्यांच्या शंका ऐकाव्यात आणि मग तो छापावा, ही मंडळाची पद्धती. परीक्षण येथे समोरासमोर आणि नावानिशी होत असे. गुप्त अभिप्रायाच्या तुलनेत ही पद्धत निकोप वाटते, आणि बऱ्याच अंशी ती होतीही. परंतु सभा खुली असली तरी सभेत कोण बसते हा प्रश्न उरतोच. मंडळाच्या प्रकाशनात राजवाड्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीविषयी केलेली अवमानकारक विधाने छापली गेली. त्यांस उत्तर म्हणून केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हा ग्रंथ लिहिला. मंडळाला ‘उलट सलामी’ असे त्याचे उपशीर्षकच आहे. ग्रंथाचा सूर आक्रमक आहे. त्यातील प्रत्येक विधान आज टिकेल असेही नाही. तथापि त्यामागील तक्रार पद्धतिशास्त्रीय आहे, हे विसरता कामा नये. एखाद्या समाजाविषयीचे विधान संशोधनाच्या नाममुद्रेने प्रसिद्ध होते तेव्हा त्याचा पुरावा कोणी तपासला, आणि प्रतिवादाला त्याच पृष्ठांवर जागा का मिळू नये? ती न मिळाल्यामुळे वादाला ज्ञातीय संघर्षाचे रूप आले आणि चिकित्सेची संधी वाया गेली.

पहिल्या प्रकरणात लेखकाला उत्तराचा अधिकार नाही. दुसऱ्यात लेखनाच्या विषयाला तो नाही.

३

या पार्श्वभूमीवर राजवाड्यांनीच १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ वाचावी. उत्तर कोकणातील राजवटी, गावे, वृत्ती आणि कुळे यांची नोंद करणारी ही रचना एकसंध नाही. वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली गद्य-पद्य प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. त्यांतील केशवाचार्याच्या नावे असलेल्या भागाचा काळ शके १३७०, म्हणजे इसवी सन १४४८, असा दिला जातो. महिकावती म्हणजे आजच्या पालघर तालुक्यातील केळवे-माहीम की मुंबईतील माहीम, हा प्रश्न वाचकापुढे पदोपदी उभा राहतो. प्रतापबिंब आणि देवगिरीच्या यादवांशी जोडलेला बिंबदेव या दोन ऐतिहासिक व्यक्ती, की एकाच स्मृतीची दोन रूपे, याविषयीही मतैक्य नाही. गर्सन द कुन्या यांनी १९०० मध्ये मुंबईच्या उत्पत्तीवर लिहिताना ‘बिंबाख्याना’चा आधार घेतला होता, म्हणजे ही परंपरा राजवाड्यांपूर्वीही अभ्यासकांना ठाऊक होती.

राजवाड्यांनी काय केले? त्यांनी संहिता छापली आणि तिला एक प्रदीर्घ प्रस्तावना जोडली. त्या प्रस्तावनेत धाडसी सामान्यीकरणे आहेत, जातींविषयीचे त्यांचे ठाम ग्रह आहेत, राज्यकर्ते बदलत असता रयत उदासीन का राहिली याची उपपत्ती आहे. आजचा वाचक यांतील कितीतरी गोष्टी नाकारील. महत्त्वाची गोष्ट अशी की त्याला त्या नाकारता येतात, कारण ज्या संहितेवरून राजवाडे बोलतात ती त्यांनी शेजारीच ठेवली आहे. प्रस्तावना बाजूला सारूनही बखर उरते. कुळांच्या याद्यांवरून आपल्या ज्ञातीचे प्राचीनत्व सिद्ध करू पाहणाऱ्यांनाही तीच संहिता वापरावी लागते आणि त्यांचे खंडन करणाऱ्यांनाही तीच.

याच संशोधकाच्या दुसऱ्या एका संपादनाशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होईल. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची एक संहिता प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व पोथीवर आधारलेली असल्याचे प्रतिपादले. ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. परिणामी राजवाडे-प्रतीविषयीचा वाद पाठभेदांपुरता मर्यादित न राहता संपादकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, येथे येऊन थांबला. भाषिक पुराव्यावरून तिचे प्राचीनत्व मान्य करणारे आणि संशय घेणारे, दोघांचेही निष्कर्ष शेवटी अपुरे राहतात. एकाच व्यक्तीची विद्वत्ता, तोच व्यासंग, तोच आवेश. परंतु एका ठिकाणी परीक्षण आजही चालू राहू शकते, दुसऱ्या ठिकाणी ते कायमचे अडले आहे. हा भेद पुराव्याच्या उपलब्धतेचा आहे. संशोधकाच्या प्रामाणिकपणाविषयी आपण कितीही आदर बाळगला तरी तो आदर पडताळणीची जागा घेऊ शकत नाही.

४

आता अलीकडच्या काळाकडे यावे. केळवे-माहीमच्या परिसरातील पालघर २०१४ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले. शेजारच्या बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने आणि १९६९ मध्ये सुरू झालेल्या अणुवीज केंद्राने वेगळाच चेहरा दिला. अशा गावांतील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या अध्यापकाजवळ स्थानिक इतिहासाची, बोलींची, वाडवळ, मांगेला, वारली जीवनाची सामग्री हाताशी असते. त्याच्या लेखनाचे परीक्षण कोण करते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजण्याची पद्धत आणली. गुण मोजावयाचे तर मान्य पत्रिकांची यादी हवी. ती २०१७ मध्ये आली. पैसे घेऊन चार दिवसांत ‘परीक्षित’ निबंध छापणाऱ्या पत्रिकांचा सुळसुळाट तोवर देशभर झालाच होता आणि त्यांतील अनेकींनी या यादीत प्रवेश मिळवला. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका वगळल्या. २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी सूची आली, तिच्या सिद्धतेत पुणे विद्यापीठाच्या केंद्राचा मोठा वाटा होता. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून पत्रिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवण्यात आली.

आठ वर्षांतील या चढउताराचा अर्थ काय? यादीने परीक्षणाचे काम केले नाही; तिने परीक्षणाची खूण तेवढी वाटली. निबंध कोणी वाचला, त्यावर कोणत्या शंका घेतल्या, त्यांचे निरसन झाले काय, हे प्रश्न ‘पत्रिका यादीत आहे काय’ या एका प्रश्नात विरून गेले. यात सर्वाधिक हानी झाली ती गंभीरपणे काम करणाऱ्या, परंतु महानगरी विद्वत्सभांपासून दूर असलेल्या अध्यापकाची. त्याचा चांगला निबंध आणि शेजाऱ्याचा उसना निबंध एकाच तराजूत तोलले गेले, आणि दोन्ही कोणी वाचले नाहीत. साहित्याभ्यासकांनी हा दोष विज्ञानशाखांवर ढकलून मोकळे होऊ नये. अमेरिकेतील ‘सोशल टेक्स्ट’ या प्रतिष्ठित सैद्धान्तिक नियतकालिकाने १९९६ मध्ये अ‍ॅलन सोकल यांचा जाणूनबुजून निरर्थक लिहिलेला निबंध छापला, तो बाह्य परीक्षणाविनाच. परिचित परिभाषेला आपण किती सहज भुलतो, याचा तो धडा होता.

५

याच भूभागातील एक अलीकडचे उदाहरण या चर्चेला वेगळी दिशा देते. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याने खाडी आणि किनारा नासल्याची तक्रार घेऊन मांगेला समाजाची संघटना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. तज्ज्ञ समिती नेमली गेली, तिचा अहवाल पक्षकारांपुढे आला, उद्योगांनी आक्षेप नोंदवले, आणि जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक उद्योगांवर भरपाईची जबाबदारी ठेवणारा आदेश झाला. न्यायाधिकरण ही काही शोधपत्रिका नव्हे आणि कायद्याची सिद्धता म्हणजे ज्ञानाची सिद्धता नव्हे. तरीही या प्रक्रियेत तीन गोष्टी होत्या : पुरावा सर्वांसमोर होता, तपासणाऱ्यांची नावे ज्ञात होती, आणि ज्यांच्याविषयी बोलले जात होते ते उत्तर देऊ शकत होते. खाडीतील मासळी कमी झाल्याचे प्रथम ज्याला कळले, तो कोळी येथे अभ्यासाचा विषय नव्हता, वादी होता.

दक्षिणा प्राइझ कमिटीपाशी या तीनपैकी एकही गोष्ट नव्हती. मंडळाच्या सभेत पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती. महिकावतीच्या बखरीने निदान पहिली आपल्या हाती ठेवली. आयोगाच्या याद्यांनी तिन्हींच्या जागी एक क्रमांक ठेवला. संशोधन-परीक्षणाच्या नीतीचा मराठीतील इतिहास लिहावयाचा तर तो असा, या तीन गोष्टींच्या असण्यानसण्याचा लिहावा लागेल. सूची रद्द झाल्यामुळे आता प्रत्येक महाविद्यालयाला, प्रत्येक नियतकालिकाला आपले मानदंड स्वतः ठरवावे लागणार आहेत. त्यांचा आरंभ साध्या गोष्टींपासून व्हावा : निबंधासोबत त्याची साधने कोठे पाहता येतील हे सांगितले जावे, परीक्षकाने आपला हितसंबंध आधी जाहीर करावा, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याचे उत्तर पुढील अंकात, त्याच पृष्ठांवर छापले जावे. केळवे-माहीमच्या कुळांविषयी लिहिताना त्या गावचा वाचक आपला निबंध तपासू शकेल काय, हे लेखकाने स्वतःला विचारावे. ‘समकक्ष’ या शब्दातील ‘सम’ला त्यावाचून अर्थ उरत नाही.