मावळचा चिकट तांदूळ

आमच्या मावळात चिकट भाताला कुणी पक्वान्न म्हटलं असतं, तर माझ्या सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं. गुरगुट्या भात आजाऱ्याचा, तान्ह्या बाळाचा आणि दात गेलेल्यांचा. नारळी पौर्णिमेचा नारळी भात काय किंवा लग्नातला साखरभात काय, शीत न् शीत सुटं हवं. म्हणून तर तांदूळ आधी तुपावर परतायचा, पुरता शिजवायचा आणि गोड शेवटी घालायचं. साखर आधी पडली की दाणा पुढे शिजत नाही. ज्या घरचा नारळी भात गोळा झाला, त्या घरच्या सुनेचा विषय पुढच्या पौर्णिमेपर्यंत पुरायचा.

माझी सून मात्र वाकडच्या हॉटेलातून थाई लोकांचा आंबा-भात मागवते. तांदूळ रात्रभर भिजवून वाफेवर शिजवलेला, गरम असतानाच गोड-खारट नारळाच्या दुधात मुरवलेला, शेजारी आंब्याच्या फोडी, वर कुरकुरीत मूगडाळ. त्या तांदळात अमायलोज नावाचं स्टार्च जवळजवळ नसतंच, त्यामुळे शितं एकमेकांना सोडत नाहीत. २०२२ मध्ये मिली नावाच्या थाई रॅप गायिकेने अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात मंचावर उभ्या उभ्या हा भात खाल्ला आणि थायलंडात त्याची मागणी एकदम वाढली. आपल्या नारळी भाताला असं भाग्य अजून लाभायचंय.

मला तो पदार्थ परका वाटला नाही. थाई गोडात सुवासासाठी केवड्याच्या कुळातलं एक पान घालतात. तेच झाड कोकणात परसात असतं. साध्या तांदळाच्या आधणात त्याचं पान टाकलं की घरभर आंबेमोहर शिजल्याचा भास होतो. भास म्हणायचा एवढंच, कारण दोन्हींतलं वासाचं द्रव्य एकच.

आंबेमोहर हा मुळशी-मावळचा. आखूड दाणा, उंच रोप, भाद्रपदातल्या वाऱ्यात आडवं पडायची खोड, करपा रोगाला लवकर बळी पडणारं, उतारा कमी. एवढं सगळं सोसून माणसं तो लावत आली ती वासासाठी आणि मऊ भातासाठी. त्याची उत्तम खाचरं नीला-मुळेच्या खोऱ्यात होती. तिथे टाटांच्या कंपनीने मुंबईच्या विजेसाठी धरण बांधायला घेतलं आणि १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी कामावर सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. तीन वर्षं तो चालला, हरला, आणि खोरं पाण्याखाली गेलं. आज मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. पर्यटक ज्या जलाशयाच्या काठी फोटो काढतात, त्याच्या तळाशी याच तांदळाची खाचरं आहेत, हे त्या मानांकनाच्या कागदावर कुठे लिहिणार?

नंतर वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ‘आंबेमोहर १५७’ आणि ‘आयआर ८’ यांचा संकर करून १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ हे वाण दिलं. आयआर ८ फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, १९६६ चं; त्याचे पूर्वज इंडोनेशिया आणि तैवानचे. म्हणजे आमच्या घरच्या इंद्रायणीचं एक आजोळ बँकॉकच्याही पलीकडे निघालं! रोप बुटकं झालं, उतारा वाढला, वास थोडा उणावला, चिकटपणा टिकला. थाई तांदळाइतका तो चिकट नाही, पण हाताने कालवून खायला याच्यासारखा तांदूळ नाही, असं मी बासमतीवाल्यांच्या तोंडावर सांगते.

या चिकटपणाला आमच्याकडे पक्वान्नांत मान मिळतो तो फक्त मोदकात. चिंचवड गणेशभक्त मोरया गोसावींचं. त्यांची पालखी भाद्रपदात आणि माघात मोरगावला जाते. भात कापणीला येतो दिवाळीच्या आसपास, त्यामुळे भाद्रपदात गणपतीच्या मोदकांची उकड काढायची ती गेल्या वर्षीच्या तांदळाची. जुना तांदूळ मोकळा होत जातो. पारी चिरू नये म्हणून पिठी आंबेमोहराची, नाहीतर इंद्रायणीची. घरची आजी श्रावणात नारळी भात मोकळा झाला नाही म्हणून रागावते आणि तीच भाद्रपदात उकड चिकट झाली नाही म्हणूनही!

फळ आणि तांदूळ एकत्र शिजवायचं मात्र आम्हाला कोकण्यांनी शिकवलं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ मोटारींचे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकणची माळरानंही भरली. कामाला माणसं कोकणातूनही आली. आमच्या शेजारी राजापूरच्या वहिनी. मे महिन्यात एसटीच्या टपावरून त्यांचा बरका फणस घाट चढून यायचा. त्याचे रसाळ गरे चाळणीवर घासून रस काढायचा, त्यात तुपावर भाजलेल्या तांदळाच्या कण्या, गूळ, ओलं खोबरं, किंचित मीठ; काही तास मुरवून वाट्यांतून वाफवायचं. ही सांदणं. वरून नारळाचं दूध. फणस नसेल तर आंब्याच्या रसाची. वहिनींनी कण्या मागितल्या म्हणून मी माहेरच्या गिरणीतून इंद्रायणीचा तुकडा आणून दिला. त्यांच्या गावच्या तांदळापेक्षा सांदण जड झालं, पण त्यांनी पुढेही तोच मागितला. मैत्रीपोटी असेल.

थाई पद्धतीने मी इंद्रायणी करून पाहिला. तो रात्रभर भिजवू नये, पीठ होतं. अर्धा तास पुरे, आणि पाणी नेहमीपेक्षा कमी. नारळाच्या दुधात मीठ हवंच. फोडींसाठी हापूस घट्ट असतानाच चिरावा. तांदूळ मात्र बघून घ्या. बाजारात आंबेमोहर म्हणून दुसऱ्याच राज्यातला मिळताजुळता दाणा सर्रास मिळतो. आमच्या भागातली कितीतरी खाचरं गोदामांखाली आणि सोसायट्यांखाली गेली, पोत्यावरचं मावळचं नाव मात्र वाढतंच आहे. मी दिवाळीनंतर कामशेतकडच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ भरते. तो भाव कमी करत नाही आणि मीही आता घासाघीस करत नाही.