युद्धाचे नियम, माणसाचे हक्क आणि नोकरदाराचा अभ्यास

कायझर्सलाउटर्नच्या पश्चिमेस सुमारे पंधरा किलोमीटरवर रामश्टाईनचा अमेरिकी हवाई तळ आहे. या परिसरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्याची ओळख मुख्यतः विमानांच्या आवाजाने झालेली असते. कायद्याच्या इतिहासात मात्र त्याचे नाव वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे. २९ ऑगस्ट २०१२ रोजी येमेनमधील खशामीर या गावी अमेरिकी ड्रोन हल्ला झाला आणि त्यात बिन अली जाबर कुटुंबातील दोघे मारले गेले. अशी ड्रोन चालवणारे सैनिक अमेरिकेत बसलेले असतात आणि त्यांच्या आज्ञा रामश्टाईन येथील उपग्रह केंद्रातून पुढे जातात. म्हणून या कुटुंबाने खटला भरला तो जर्मन सरकारविरुद्ध. आपल्या भूमीवरून होणारा हा वापर रोखणे जर्मनीचे कर्तव्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

२०१५ मध्ये कोलोनच्या न्यायालयात ते हरले. २०१९ मध्ये म्युन्स्टरच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांची बाजू अंशतः मान्य केली, तर २०२० मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर १५ जुलै २०२५ रोजी कार्ल्सरुह येथील संघीय घटना न्यायालयाने तक्रार फेटाळली. फेटाळताना त्याने एक तत्त्व मात्र मान्य केले. परदेशातील परकीय माणसाच्या बाबतीतही मूलभूत मानवी हक्क आणि मानवतावादी कायद्याचा गाभा जपण्याची सर्वसाधारण जबाबदारी जर्मन राज्यावर आहे. ती प्रत्यक्ष बंधनकारक होण्यासाठी दोन अटी आहेत: जर्मन राज्यसत्तेशी पुरेसा संबंध आणि कायद्याच्या पद्धतशीर भंगाचा गंभीर धोका. या प्रकरणात दुसरी अट पूर्ण होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

आपल्यापैकी बहुतेक जण संगणक क्षेत्रात काम करतो. आपल्या व्यवसायाच्या भाषेत त्या उपग्रह केंद्राचे काम म्हणजे माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे, एवढेच. कायद्याच्या भाषेत त्याच कामावरून दहा वर्षे वाद चालला. या दोन भाषांमधील अंतर कोण भरून काढणार, असा प्रश्न येथे उभा राहतो. नोकरी करणाऱ्यांसाठी मानवतावादी कायदा आणि मानवी हक्क यांचे जे छोटे ऑनलाइन अभ्यासक्रम आज मिळतात, त्यांचे महत्त्व या प्रश्नात आहे. त्यांच्याकडे केवळ प्रमाणपत्र म्हणून पाहणे हे त्यांच्या इतिहासाला धरून होणार नाही.

आधुनिक युद्धनियमांची पहिली मोठी संहिता एका स्थलांतरित जर्मनाने लिहिली. बर्लिनमध्ये जन्मलेला फ्रान्सिस लीबर प्रशियातील छळाला कंटाळून देश सोडून गेला आणि १८२७ मध्ये अमेरिकेत पोचला. साउथ कॅरोलिनात प्राध्यापक असताना त्याने स्वतः गुलाम बाळगले होते. त्याच लीबरच्या १८६३ च्या संहितेने सांगितले की राष्ट्रांचा कायदा रंगावरून भेद जाणत नाही. संहिता लिहिली तेव्हा तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात शिकवत होता. पुढे याच कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. लीबरची संहिता वकिलांसाठी नव्हती. रणांगणावरच्या अधिकाऱ्याने ती वाचून वागावे, हा तिचा हेतू होता.

पुढे हा विचार करारांमध्येच उतरला. १२ ऑगस्ट १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत एक कलम असे आहे की राष्ट्रांनी या करारांचा प्रसार शांततेच्या काळातही करावा आणि लष्करी शिक्षणाबरोबर शक्य असेल तेथे नागरी शिक्षणातही त्यांचा अभ्यास ठेवावा. कायदा संपूर्ण जनतेला माहीत व्हावा, हा त्यामागचा उद्देश होय. म्हणजे हा कायदा शिकवणे हे कायद्यानेच घातलेले बंधन आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक करारातील छत्तिसाव्या कलमाने आणखी एक पाऊल टाकले. नवे शस्त्र किंवा युद्धपद्धती अभ्यासली जात असताना, विकसित होत असतानाच ती कायद्यात बसते की नाही, हे राष्ट्राने तपासावे, असे ते सांगते. आज ‘विकसित करणे’ या क्रियापदाचा मोठा भाग संगणकावर घडतो. जर्मनी या पूरक कराराचा सदस्य आहे, भारत नाही.

शिकवण्याच्या संस्थाही याच ओघात उभ्या राहिल्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या रने कासॅं यांनी १९६८ च्या नोबेल पुरस्कारानंतर, १९६९ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे मानवी हक्कांची संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे मानवतावादी कायद्याची संस्था निघाली. तेथे प्रामुख्याने लष्करी अधिकारी शिकत आले. आता लायडन आणि लूव्हां या विद्यापीठांनी असे अभ्यासक्रम इंटरनेटवर आणले आहेत आणि जिनिव्हा अकादमी नोकरदारांसाठी अल्पकालीन ऑनलाइन वर्ग चालवते. भारतात बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मानवी हक्कांचा दूरस्थ पदविका अभ्यासक्रम चालवत आले आहे. आपल्या कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठातही नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९९२ पासून दूरस्थ शिक्षणाचे केंद्र आहे. म्हणजे कामावरून घरी येऊन पुस्तक उघडणारा प्रौढ विद्यार्थी या शहराला नवा नाही.

तो आपल्यालाही नवा नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५६ मध्ये सोसायटीचे विधी महाविद्यालयही निघाले. शिकायचे की पोट भरायचे, अशी निवड आपल्या माणसावर येऊ नये, हे धोरण त्यामागे होते.

त्याच १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. घटनासमितीत जाण्याच्या उंबरठ्यावर असलेला हा बॅरिस्टर, दुसऱ्या पीडितांनी आंतरराष्ट्रीय दाद कोणत्या शब्दांत मागितली हे अभ्यासण्यासाठी समुद्रापार पत्र पाठवतो, ही गोष्ट विद्यार्थीपणाचा आदर्श आहे.

शब्दांचे हे महत्त्व पुढील काळात सिद्ध झाले. १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या कलमात ‘वंश’ आणि ‘वर्ण’ यांच्यासोबत ‘जन्मकुळ’ या अर्थाचा एक शब्द आहे. तो घालण्याची सूचना भारतानेच केली होती. नंतर मात्र त्या शब्दात जात येत नाही, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ मध्ये आपल्या एकोणतिसाव्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले की जन्मकुळावरून होणाऱ्या भेदात जातिभेद येतो. ज्यांना हा एक शब्द माहीत आहे, ते परदेशातील कार्यालयात किंवा विद्यापीठात जातीचा प्रश्न समजावून सांगू शकतात. जर्मनीच्या २००६ च्या समान वागणूक कायद्यात भेदाची कारणे नावानिशी दिली आहेत. त्यांत जातीचे नाव नाही. अशा ठिकाणी ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे सांगून भागत नाही. तो अन्याय कोणत्या चौकटीत बसतो, हे दाखवावे लागते. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात घातली, तेव्हा त्यामागे असेच समजावणे होते.

अर्थात काही आठवड्यांच्या अभ्यासाने कोणी वकील होत नाही. त्यातून हाती येतात त्या थोड्या पण पक्क्या गोष्टी: लढणारा आणि न लढणारा यांतील भेद, हल्ल्याचा लाभ आणि नागरिकांची हानी यांचे प्रमाण, घ्यायची खबरदारी, आणि कोणती तक्रार कोणाकडे न्यायची याचे भान. एवढे कळले की बैठकीत समोर आलेल्या कामाविषयी योग्य प्रश्न विचारता येतो. आई-वडिलांनी हे ज्ञान मिळवले, तर घरातील मुलांपर्यंत ते आपोआप पोचते.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की हक्कांचे रक्षण कायद्यापेक्षा समाजाच्या सदसद्विवेकाने होते. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत त्यांनी सांगितले की घटनात्मक नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते. जोपासना म्हणजे नित्याचा अभ्यास. रामश्टाईनच्या विमानांखाली राहणाऱ्या आपणा सर्वांना त्यासाठी आठवड्यातील दोन तास काढणे अशक्य नाही.

जय भीम.