गुप्त मतदान, भारतातील

मतदाराने कोणास मत दिले हे इतर कोणासही कळणार नाही, अशा रीतीने मत नोंदविण्याची पद्धती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत १८५६ मध्ये ती कायद्याने प्रस्थापित झाली व ब्रिटनने १८७२ च्या मतपत्रिका अधिनियमाने तिचा स्वीकार केला. त्यापूर्वीच्या उघड मतदानात जमीनदार वा मालक यांच्या देखत मत सांगावे लागे. विकत घेतलेले मत खरोखर पडले की नाही, याची खातरजमा पैसे देणाऱ्यास करता येई. ही खातरजमा अशक्य करणे, हा गुप्ततेचा मूळ हेतू होय. परंतु मत झाकलेले असल्यामुळे मोजणी व तिच्या आधीची सर्व व्यवस्था लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावी लागते. या दोन गरजांचा मेळ घालण्याचे प्रयत्न भारतात निरनिराळ्या प्रकारे झालेले आढळतात.

पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. मतदार सु. १७.३ कोटी असून त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. मतदारयादीपासूनच अडचणी उद्‌भवल्या. ‘अमक्याची पत्नी’ वा ‘तमक्याची आई’ याखेरीज स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सु. २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी त्याचे चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी ठेवण्याची पद्धती अवलंबिली. मतपत्रिका नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या गेल्या, तर पोलादी पेट्यांचा मोठा भाग मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला. मतदाराने कोणतीही खूण न करता मतपत्रिका आडोशामागील पेटीत टाकावयाची, इतकी ही रीत सोपी होती. तिचा दोषही याच सोपेपणात होता. कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर आणून विकता येई आणि अशा अनेक मतपत्रिका एकाच व्यक्तीस पेटीत टाकता येत. म्हणून केरळ (१९६०) व ओरिसा (१९६१) येथील मध्यावधी निवडणुकांत एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धती वापरून पाहण्यात आली व १९६२ पासून ती बहुतेक सर्वत्र रूढ झाली. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी, चांदीच्या क्षाराची न पुसणारी शाईही त्याच वर्षापासून वापरात आहे.

शिक्क्याच्या पद्धतीने मतविक्रीस आळा बसला. तथापि बळाचा वापर थांबला नाही. मतदान केंद्र बळकावून शिक्के मारण्याचे प्रकार वाढले. १९८८ च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरविण्यात आला व अशा ठिकाणी फेरमतदान घेण्याचा किंवा निवडणूक रद्द ठरविण्याचा अधिकार आयोगास मिळाला. मतदान यंत्राचा पहिला वापर केरळातील परवूर मतदारसंघात १९८२ मध्ये झाला होता. परंतु त्यास कायद्याचा आधार नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो अवैध ठरविला. कायदा झाल्यानंतर २००४ च्या लोकसभा निवडणुकीत यंत्रे देशभर वापरली गेली. यंत्र ठरावीक वेगापेक्षा अधिक जलद मते घेत नसल्याने केंद्र बळकावण्याचा लाभ कमी झाला. मतदारास आपले मत कागदावर क्षणभर पाहता यावे, अशी जोडव्यवस्था २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे प्रथम वापरली गेली.

यंत्राची एक उणीव मात्र पुरेशी चर्चिली जात नाही. निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय कागदी मतदानात होती. यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्रपणे उघड होतो. एका व्यक्तीचे मत गुप्त राहिले, तरी वस्तीचे वा पाड्याचे मत कळते आणि पाणी, रस्ता यांच्या वाटपात त्याचा राग निघू शकतो. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखविणारे साधन वापरावे, अशी शिफारस विधि आयोगाने २०१५ मध्ये केली. केंद्र शासनाचा तीस विरोध राहिला.

केंद्रावरील देखरेखीचा भार उमेदवारांच्या प्रतिनिधींवर, म्हणजे बहुधा त्याच परिसरातील सामान्य मतदारांवर असतो. मतदानापूर्वी यंत्रात एकही मत नाही हे ते पाहतात, मोहोरेवर सही करतात, तोतया मतदारास दोन रुपये भरून हरकत घेतात व अखेरीस नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत घेतात. ही प्रत नसेल, तर मोजणीच्या वेळी आकडा पडताळून पाहण्यास स्वतःचा आधार उरत नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत दिल्याचे आढळल्यास मतदारास कागदी ‘प्रदत्त मत’ देता येते; ते मोजले न जाता मोहोरबंद ठेवले जाते. राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ मध्ये उमेदवार एका मताने पराभूत झाला, तेव्हा अशाच मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.