हजेरीची वही आणि मतदारांची यादी

१/ राजर्षी शाहू महाराजांचे निर्णय सांगताना आपण २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा सांगतो, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सांगतो. १९१८ मधील एक हुकूम मात्र सहसा राहून जातो. त्या हुकुमाने करवीर संस्थानातील ‘हजेरी’ बंद झाली. ज्याला ठावठिकाणा नाही, त्याला नागरिकाचे हक्क कसे मिळावेत, या प्रश्नाची एक वाट तिथून निघते. हा धागा त्या वाटेविषयी.

२/ हजेरी म्हणजे काय? महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतील माणसांनी ठरल्या वेळी चावडीवर उभे राहायचे आणि आपण गावातच आहोत हे दाखवायचे. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्म झाला म्हणून. असा माणूस परगावी मुक्काम करू शकत नाही, मजुरीसाठी लांब जाऊ शकत नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच.

३/ ब्रिटिश मुलखात या वृत्तीला कायद्याचे रूप आले. १८७१ चा ‘गुन्हेगार जमाती कायदा’ आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. जमातीची नोंदणी, बोटांचे ठसे, हद्द ओलांडण्यास परवाना आणि वेळप्रसंगी कुंपणाआडच्या वसाहतीत रवानगी, असे त्याचे स्वरूप होते. सोलापुरातील त्या जुन्या वसाहतीचा परिसर आजही ‘सेटलमेंट’ या नावानेच ओळखला जातो.

४/ रोख भटक्यांवरच का? महसुली राज्याला माणूस ओळखता येत असे तो जमिनीवरून, गावावरून, साऱ्यावरून. फिरस्त्याची नोंद कुठे करायची? त्यातच रेल्वे आली आणि बैलांच्या तांड्यांवर धान्य-मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा बसला. वनकायद्यांनी पारध्यांची शिकार बेकायदा ठरवली. आधी उपजीविका गेली, मग उपजीविका नसणे हाच संशयाचा पुरावा झाला.

५/ या पार्श्वभूमीवर शाहू महाराजांचा हुकूम वाचावा. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत, डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत, महाराजांनी हजेरीमाफीचा उल्लेख केला. हजेरीच्या आडून गरिबांना गुलामासारखे राबवले जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच १९१८ साली त्यांनी महार वतनेही रद्द केली आणि त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा केल्या. आधी पायांतली बेडी काढणे आणि मग नावावर जमीन देणे, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात.

६/ रानोमाळ भटकणाऱ्या फासेपारध्यांनाही महाराजांनी संस्थानात नोकरी आणि निवारा दिला. ज्यांना पोलीस जन्मजात चोर मानत, त्यांच्यावर राजाने विश्वास टाकला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. हा राजाश्रय होता, हक्क नव्हे. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. आश्रय देणाऱ्याबरोबर आश्रय संपू शकतो. हक्क संपू नये अशी अपेक्षा असते.

७/ तो हक्क २६ जानेवारी १९५० रोजी कागदावर आला. अनुच्छेद १९ ने देशभर संचाराचे व कोठेही वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य दिले, अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. मुंबईसारख्या काही प्रांतांनी जुना कायदा आधीच मागे घेतला होता, पण देशपातळीवर तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे पहिली सार्वत्रिक निवडणूक उरकली, तेव्हाही तो कायदा पूर्णपणे गेलेला नव्हता! ३१ ऑगस्ट हा दिवस आज ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो.

८/ ‘गुन्हेगार’ हा शब्द गेला, संशय राहिला. ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर ते व्यक्तीसाठी होते, पण पोलिसांच्या नजरेत जुन्या जमातीच राहिल्या. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने या काळाचे दस्तऐवज म्हणूनही वाचावीत.

९/ आता बेघर माणसाचे मत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मतदारासाठी घराची अट घालत नाही. अट आहे ‘सर्वसाधारण रहिवासा’ची. उलट, केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, असे कलम २० सांगते. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बेघर अर्जदार सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचे असते. तसे आढळले तर वास्तव्याचा कागद लागत नाही. पुलाखाली झोपणाराही मतदार आहे.

१०/ मग अडते कुठे? जातीच्या दाखल्यापाशी. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक आहे २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी आपले कुटुंब या राज्यात राहत होते, हे आजच्या अर्जदाराने दाखवायचे. ज्यांच्या आजोबांना कोणी गावात टिकू दिले नाही, त्यांच्याकडे त्या गावचा कागद मागायचा! दाखला नाही म्हणून सवलत नाही, जमीन नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून पुन्हा कागद नाही.

११/ हे चक्र शासनाला ठाऊक नाही असे नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. राज्याची २०११ ची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर देऊ करते. १९१८ च्या कोल्हापुराने जोडलेल्या त्याच दोन गोष्टी, मोकळीक आणि जमीन, इथे पुन्हा एकत्र येतात. मात्र योजनेच्या दारातही पहिला प्रश्न दाखल्याचाच असतो.

१२/ हजेरीच्या वहीत ज्यांचे नाव न चुकता सापडे, त्यांच्याच नातवंडांचे नाव दाखल्यासाठी शोधावे लागते. पहारा ठेवायचा होता तेव्हा राज्याला हा माणूस बरोबर ठाऊक होता. हक्क द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने स्वतःला सिद्ध करायचे. पूर्वजांवर लादलेली ती नोंद आज वारसांच्या बाजूने पुरावा म्हणून उभी राहिली, तर इतिहासाचा याहून चांगला उपयोग कोणता? आपल्या गावच्या चावडीत, पोलीस पाटलाच्या घरी असे जुने दप्तर असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. (समाप्त)