निवळीची बी

ट्रेकरच्या आणीबाणीच्या पिशवीत शिट्टी, दोरी आणि काडेपेटीसोबत क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टीही असते. ती संपली तर निसर्गात पर्याय काय, असं विचारलं की कुणीतरी निवळीच्या बीचं नाव घेतं. मला हा क्रमच उलटा वाटतो. बी फार आधीची आहे. गोळी तिच्या जागी आली.

निवळी, म्हणजे संस्कृतातलं कतक, हे कोरड्या पानझडी जंगलातलं झाड. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत: कमळाचा कंद, शेवाळाचं मूळ, कापड, गोमेद, मोती, मणी आणि कतक. मनुस्मृती बजावते की कतकाचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही. ‘मालविकाग्निमित्रा’त कालिदास म्हणतो, शहाण्याच्या सहवासात मंदबुद्धीही तल्लख होतो, या फळाच्या घर्षणानं गढूळ पाणी निवळावं तसा. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘आत्मबोधा’त कतकाची पूड पाणी निर्मळ करून स्वतःही नाहीशी होते. धर्मशास्त्र, नाटक आणि वेदान्त ही तिन्ही जिचा दाखला देतात, ती वस्तू ऐकणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचीच असणार.

वापरायची रीत साधी. मातीच्या भांड्याला आतून बी घासायची किंवा सहाणेवर उगाळून तो लेप पाण्यात ढवळायचा, मग भांडं हलवायचं नाही. बीमधली द्रव्यं मातीच्या बारीक कणांना एकमेकांशी बांधतात, गुठळ्या जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं.

ही बी सैन्याच्या शिदोरीतही होती, ही मला या साऱ्यातली सर्वांत मोलाची नोंद वाटते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग लिहून गेले आहेत की या बिया बाजारात सर्रास मिळतात आणि कंपनीचे दूरदर्शी अधिकारी व शिपाई युद्धकाळात त्या जवळ बाळगतात. तुरटीपेक्षा ही मिळायला सोपी आणि बहुधा प्रकृतीला कमी अपायकारक, असंही त्यांचं मत होतं.

पुढे पाण्यातल्या जंतूंचा शोध लागला आणि शुद्ध पाण्याची कसोटीच बदलली. 1917 मध्ये हॅलझोन ही क्लोरीनयुक्त गोळी आली आणि दुसऱ्या महायुद्धात ती सैनिकांच्या खिशात पोहोचली. गोळी जंतू मारते. बीचं काम गाळ बसवण्याचं. गाळाबरोबर काही जंतू खाली जातात, सगळे जात नाहीत. पण गढूळ पाण्यात क्लोरीनही गाळातच खर्ची पडतो. म्हणून आधी निवळणं, मग जंतू मारणं, हा क्रम आजही सुटलेला नाही. सुदानमध्येही नाईलचं पुराचं पाणी निवळायला बायका शेवग्याच्या बिया वापरत, आणि 1970च्या दशकापासून त्यांवर गंभीर संशोधन झालं. निवळीच्या वाट्याला तेवढं लक्ष आलेलं नाही, ही खंत आहे.

काष्ठौषधींच्या दुकानात निवळीच्या बिया मिळतात. पिशवीत चार ठेवा. जंगलात स्वतः गोळा करू नका: विषारी कुचला निवळीच्याच कुळातला आहे. आणि पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका.