अनुभवाधारित अध्ययन आणि विद्यार्थी समुपदेशन

अनुभवाधारित अध्ययन : स्वतः केलेल्या, पाहिलेल्या गोष्टींवर विचार करत ज्ञान घडते, असे मांडणारी शिक्षणशास्त्रातील उपपत्ती. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकाने जॉन ड्यूई, कुर्ट लेविन आणि झाँ पियाजे यांच्या विचारांच्या आधारे ती १९८४ च्या ग्रंथात सविस्तर मांडली. प्रत्यक्ष अनुभव, चिंतनशील निरीक्षण, अमूर्त संकल्पना आणि सक्रिय प्रयोग हे या अध्ययनचक्राचे टप्पे. कोण कोणत्या टप्प्यांवर अधिक रमतो, त्यावरून कोल्ब यांनी अपसारी, आत्मसाती, अभिसारी व समायोजी अशा चार अध्ययनशैली मानल्या.

भिवंडीतील नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या परिसरात हे चक्र सहज उलगडून दाखवता येते. थंडीच्या कोरड्या हवेत सुती ताण्याच्या तारा जास्त तुटतात, हे माग चालवणाऱ्याच्या मुलीने घरी कितीदा तरी ऐकलेले असते. तारा कधी तुटतात, कोणत्या सुताच्या तुटतात, याकडे ती लक्ष देऊ लागली की निरीक्षण सुरू होते. सुती धागा दमट असताना अधिक ताण सोसतो, हे विज्ञानाच्या तासाला कळले की अनुभवाला कारण सापडते. मग एक कोरडा आणि एक ओलसर धागा घेऊन दोहोंना वजने टांगून पाहणे, हा तिचा प्रयोग. समुपदेशकाने अशा मुलीची शैली शोधत बसू नये. ती कुठपर्यंत आली आणि पुढे कशामुळे अडली, हे तिलाच विचारावे. अनुभव या मुलांकडे भरपूर असतो, त्यावर बोलायला शाळेत सवड मात्र फार थोडी मिळते.

ही दृष्टी या भागाला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, मुलांच्या रोजच्या जगण्यातून शिक्षण उभे केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली.

शैलीच्या शिक्क्याला मात्र पुराव्याचे बळ नाही. हॅरल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते असे म्हणण्याजोगा आधार त्यांना मिळाला नाही. तरीही ‘हा हातानेच शिकणारा’ असे ठरवून कामगाराच्या मुलाला पुस्तकांपासून दूर वळवले जाते. हा उघड अन्याय आहे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दहावीसाठी सुरू झालेल्या कल चाचणीचा विषय आवड हा होता, अध्ययनशैली नव्हे. पालकांशी बोलताना हा फरक स्पष्ट करावा लागतो. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक घरभाषांची मुले शिकतात. अध्ययनशैली ठरवणारी प्रश्नावली परक्या भाषेत भरताना वाचनाची अडचणच शैली म्हणून नोंदली जाऊ शकते. म्हणून ती वापरायचीच असेल, तर घरच्या भाषेत वाचून दाखवावी आणि प्रत्येक उत्तरामागचा प्रसंग मुलाकडून ऐकून घ्यावा.